गोलपोस्टमागचा अध्यक्ष

२२ एप्रिल २००६, शनिवार

शंतनूने ही वही आणून दिली. म्हणाला, "आई, मनात येईल ते सगळं आमच्यावर काढण्यापेक्षा हिच्यात लिहीत जा." आईला गप्प बसवायची सभ्य तऱ्हा. मुलगा कॉम्प्युटरमध्ये असला तरी बोलणं बापाचं उचललंय. ठीक आहे. लिहिते.

आज सिद्धीच्या फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. अकरा वर्षांची मुलगी, सकाळी नऊ वाजता, चिखलात. इथे सगळं उलटं, एप्रिलमध्ये थंडी सुरू होते. जॉन्सनव्हिलच्या वाऱ्यात छत्री उघडली तर माणूस छत्रीसकट पुढच्या उपनगरात जाईल. मी मुंबईहून आणलेला लाल कोट घातला. सुखदाने गाडीची काच खाली केली. "आई, डांबरगोळ्यांचा वास येतोय हो." सून फार्मासिस्ट आहे, नाक तिखट आहे. "कसर लागण्यापेक्षा बरा," मी म्हटलं. थंडीने कुडकुडत पोचलो, पण काच तिने वर केली नाही.

क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस म्हणून एक बाई आहे, पासष्टीची, टणटणीत. तिने मला क्लबच्या अध्यक्षांपुढे उभं केलं. "आन्सेल्मो, या मिसेस कारखानीस, सिद्धीच्या आजी. काय सुरेख लाल कोट आहे बघ यांचा!" अध्यक्ष आन्सेल्मो आरिएता म्हणजे एक स्पॅनिश म्हातारा. उंच, ताठ, गळ्यात मफलर. याचे वडील म्हणे स्पेनमधल्या अगदी सुरुवातीच्या गोलकीपरांपैकी एक, पुढे तिथल्या त्यांच्या क्लबचे अध्यक्ष. हाही गोलकीपर, हाही अध्यक्ष. घराणंच.

त्याने हात पुढे केला तो माझ्या कोपराच्या रोखाने. आणि बोलताना पाहत होता माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. मी मुंबईच्या विमानतळावर कस्टम्समध्ये नोकरी केली आहे. सामानात काही असलं की माणूस डोळ्यांत बघत नाही. शिवाय पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर इनेस स्पॅनिश होत्या. त्या बघायच्या तेव्हा पोरींच्या वेण्या आपोआप घट्ट व्हायच्या. स्पॅनिश माणूस कसा बघतो हे मला कुणी शिकवायला नको. हा तसा बघत नाही.

मॅच संपल्यावर ग्लेनिस त्याचा दंड धरून त्याला गाडीकडे घेऊन गेली. सर्वांदेखत. या वयात.

६ मे

नवी बातमी. सिद्धी गोलकीपर झाली. गेल्या वर्षी ही मुलगी बाकावर बसून संत्र्याच्या फोडी खायची. पळायला जड, चेंडू आला की डोळे मिटायची. आता म्हाताऱ्याने तिला गोलमध्ये उभं केलंय. कारण काय, तर "हिचा आवाज चांगला आहे."

गोलकीपरला आवाज कशाला? आज कळलं. मॅचभर ती ओरडत होती. "श्रिया, लेफ्ट! नंबर सेव्हन फ्री आहे! केटीकडे बॉल! बाहेर गेला, थ्रो त्यांचा!" चेंडू पार पलीकडच्या टोकाला असला तरी हिचं चालूच. भाजी मंडईत शोभेल असा आवाज. आणि म्हातारा तिच्या गोलच्या मागे उभा, एक हात गोलच्या जाळीवर, मान खाली, जणू प्रवचन ऐकतोय.

मध्यंतरात मी जाऊन विचारलं, "मिस्टर आरिएता, मुलीला सतत ओरडायला लावायचं कारण?"

तो दचकला. मग हसला. "सिद्धीच्या आजी! गोलकीपर गप्प बसला की समोरच्या पोरी हरवतात. माझे वडील ओरडायचे ते बंदरावर ऐकू जायचं." आणि निघताना म्हणाला, "लाल रंग तुम्हाला फार शोभतो."

मी आज सुखदाने इथे घेतलेला राखाडी कोट घातला होता.

बायकांची स्तुती ठोक भावात करणारे पुरुष मी पाहिलेत. पण निदान समोर बघून तरी करावी.

१३ मे

आज पाऊस, मैदान बंद, म्हणून सगळे क्लबच्या खोलीत चहा पीत बसले. भिंतीवर त्याच्या वडिलांचा जुना फोटो आहे. अकरा जणांचा संघ, मागे समुद्र. मी जवळ जाऊन पाहिला. सगळ्यांचे शर्ट सारखे. गोलकीपरचा वेगळा शर्ट नाही, हातमोजे नाहीत.

"यात गोलकीपर कोण?" मी विचारलं.

"तेव्हा सगळ्यांना एकच शर्ट असायचा," तो म्हणाला. "गोलला जाळीसुद्धा नव्हती. चेंडू गेला की लोक भांडायचे, आत गेला की बाहेरून." मग उठला, भिंतीला हात लावत फोटोपाशी आला आणि बोट ठेवलं. "हे माझे वडील. टोपी डोळ्यांवर ओढलेले. उन्हासाठी. मिशी त्यांनी कधीच ठेवली नाही, आईला आवडायची नाही. गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून पुढे त्यांनाच अध्यक्ष केलं. खुर्चीत बसले असतानाच गेले."

फार सुंदर सांगितलं. फक्त त्याचं बोट ज्या माणसावर होतं, त्याला टोपी नव्हती आणि मिशी चांगली झुपकेदार होती. टोपीवाला त्याच्या शेजारी.

स्वतःचा बाप ओळखता येत नाही! फोटो जुन्या बाजारातला आहे. गोष्ट घरी बनवलेली आहे. चोरीचं घड्याळ वडिलोपार्जित म्हणून सांगणारे असेच गहिवरून बोलायचे.

मी तिथे काही बोलले नाही. आधी पुरावा पुरा करायचा.

१० जून

श्रियाचे वडील जगदीश टिपणीस आज चहाला आले होते. इंजिनीअर आहेत, ठाण्याचे. बोलायला अतिशय गोड. "मृदुलाकाकू, तुमची नजर म्हणजे नजर. आम्हाला कुणाला हे दिसलंच नाही बघा." मी त्यांना फोटोचं सांगितलं, कोटाचं सांगितलं. आणि आज सकाळचंही सांगितलं: मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, वर्ल्ड कप सुरू झाला, तुम्ही तर जागरण करत असाल, तर म्हणतो, "रेडिओवर ऐकतो." फुटबॉल! रेडिओवर! गोलकीपर म्हणे.

जगदीशने मान डोलावली. ऑगस्टअखेर क्लबची वार्षिक सभा आहे आणि अध्यक्षपदाला ते उभे राहणार आहेत. आन्सेल्मो पुन्हा उभा आहेच. "इतकी वर्षं कुणी विरोधात उभंच राहिलं नाही काकू. त्या माणसाला क्लबखेरीज काही नाही, म्हणून सगळे गप्प. पण तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. तुम्हाला काय स्वार्थ?"

खरंच आहे. मला काय स्वार्थ.

जाताना त्यांनी विचारलं, "काकू, त्याला वाचताना कधी पाहिलंय तुम्ही? काहीही?" मी म्हटलं, नाही, ग्लेनिस बोट ठेवते तिथे सही करतो, चष्मा नेहमी घरी विसरलेला. ते "हं" म्हणाले आणि जोडे घालायला लागले.

२४ जून

कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले, तिथे सिद्धीच्या संघातल्या एका मुलीची आई भेटली, तांबड्या केसांची. मी तिला म्हटलं, "जो माणूस डोळ्याला डोळा देत नाही, त्याच्या हाती मुली कशा सोपवायच्या?" ती म्हणाली, "ओह, डू यू थिंक सो?" मी म्हटलं, विचार करा.

या देशात सगळं "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणून सोडून देतात. कुणीतरी विचार करायला लावायला हवा.

१५ जुलै

सिद्धीशी भांडण झालं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीतच देते. रागावली की अधिकच.

मी सुखदाला सांगत होते की सभेत मी उभी राहून त्या फोटोबद्दल जाहीर प्रश्न विचारणार आहे. सिद्धी खोलीतून पळत आली.

"आजी, प्लीज. डोन्ट आस्क हिम अबाउट द फोटो."

"का?"

"जस्ट डोन्ट."

"तुला माहीत आहे ना तो खोटं बोलतो ते?"

"ही डझन्ट लाय!" डोळ्यांत पाणी. "इफ ही गोज, आय वोन्ट प्ले. ही नीड्स मी टू टॉक!" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून खोलीत गेली, दार आपटलं.

त्याला हिच्या बडबडीची गरज? एका अकरा वर्षांच्या मुलीच्या? सुखदा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. म्हणाली, "आई, तुम्ही कधी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलंय का?"

मी म्हटलं, "तोच तर मुद्दा आहे. तो बघू देतो कुठे?"

ती काहीतरी बोलणार होती. पण तिची हॉस्पिटलची ड्युटी होती, निघून गेली.

५ ऑगस्ट

संघ आता तिसरा आहे. सिद्धीने आज दोन पेनल्टी अडवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण म्हातारा मागून "ब्राव्हो" म्हणत होता आणि आमचं एकमत झालंय असं दिसलं असतं. एक मात्र नोंदवते. पहिला चेंडू तिने अडवला तेव्हा तो लगेच काही बोलला नाही. मुली ओरडल्या, मग बोलला. अस्सल गोलकीपरला इतका वेळ लागतो?

जगदीशने सगळ्यांना फोन केलेत. माझ्या नावाने, असं दिसतं. हरकत नाही.

१९ ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

सिद्धीचा घसा गुरुवारपासून बसला. काल आवाज पूर्ण गेला. सुखदा म्हणाली खेळू नको, तर तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मला गेलंच पाहिजे. गेलो.

मैदानावर विचित्र शांतता. पहिल्यांदाच सिद्धी ओरडत नव्हती. मी मुद्दाम म्हाताऱ्याच्या जवळ उभी राहिले, गोलच्या मागे, तपासासाठी. तो जाळी धरून उभा. मान एकदा इकडे वळायची, एकदा तिकडे. दोनदा हळूच म्हणाला, "सिद्धी?" तिने मागे वळून पाहिलं. तोंड उघडलं, आवाज नाही. तिचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. चेंडू लांब होता, घाबरायचं कारण नव्हतं.

मग पलीकडच्या संघातल्या एका दणकट मुलीने दुरून फटका मारला. चेंडू पोस्टच्या बाहेरून सरळ आमच्याकडे आला. मला दिसला. मी बाजूला झाले. मला सत्तर वर्षांच्या बाईला बाजूला होता आलं.

तो हलला नाही. हात वर आला नाही, डोळे मिटले नाहीत. चेंडू तोंडावर बसला आणि तो चिखलात बसला. माणूस चेंडूला चुकवत नाही तेव्हा एक वेळ शूर असेल. पण पापणीसुद्धा लवत नाही तेव्हा?

मी वाकले. नाकातून रक्त येत होतं. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. आणि ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते.

कस्टम्सच्या भाषेत, बॅग उघडली होती. आत काहीच नव्हतं.

ग्लेनिस दुसऱ्या टोकाला होती, धावत यायला तिला वेळ लागणार होता. मी त्याला रुमाल दिला. म्हणजे हातात ठेवला. त्याने नाकाला लावला आणि मला विचारलं, "आता चेंडू कुणाकडे आहे?"

फुटबॉलमधलं मला काय कळतं? पण कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये जेवताना मोठ्याने वाचायची पाळी असायची, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं पाहिजे असं सिस्टर इनेस बजावायच्या. मी ताठ उभी राहिले आणि सुरू केलं. "पिवळ्या मोज्यांची एक जाड मुलगी चेंडू घेऊन येते आहे. तिच्या बुटाची नाडी सुटली आहे. श्रिया तिच्या आडवी गेली, पण मनापासून नाही. आता दोघी पडल्या. पंच जांभई देतो आहे."

तो हसायला लागला. रक्त, रुमाल आणि हसणं. समोर सिद्धीने मागे पाहिलं. तिचे खांदे खाली आले. मग ती चेंडूकडे वळली.

मॅच संपेपर्यंत बोलत होते. आता माझाही आवाज बसलाय.

२० ऑगस्ट

सुखदाला आधीच कळलं होतं. शंतनूला कळलं होतं. सिद्धीला तर आन्सेल्मोनेच सांगितलं होतं, एप्रिलमध्ये. दोन वर्षांपासून दृष्टी जात होती, आता उजेड-अंधारापलीकडे काही नाही. ग्लेनिस दंड धरते ती मैत्रीण आहे, म्हणजे नुसती मैत्रीण. "मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

शंतनू म्हणाला, "आई, तू प्रश्न विचारत नव्हतीस. तू निकाल सांगत होतीस."

वही कुणासाठी आणली होती ते आता कळतंय.

जगदीशला फोन केला. म्हटलं, मी सभेत बोलणार नाही, ते फोटोचं सगळं रद्द. ते म्हणाले, "असू द्या काकू. काही अडणार नाही." आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. जूनमध्ये त्यांनी मला वाचण्याबद्दल का विचारलं, तेही आता कळतंय.

२७ ऑगस्ट, रविवार

दुपारी तीनला सभा. खोली भरलेली, ओल्या कोटांचा वास. मी आन्सेल्मोच्या शेजारी बसले. कुणी विचारलं नाही, मीच बसले.

या क्लबची रीत अशी की वर्षाचा अहवाल अध्यक्षाने उभं राहून वाचायचा. गेली दोन वर्षं ग्लेनिसने वाचला होता, घसा खराब वगैरे सांगून. ती उठली तेवढ्यात जगदीश अतिशय गोड आवाजात म्हणाले, "रीतीप्रमाणे अध्यक्षांनीच वाचावा ना?" आणि स्वतः जाऊन कागद त्याच्या हातात दिले. उलटे.

मी उठले. "मी वाचते. माझा आवाज चांगला आहे."

"बसा, मृदुला," आन्सेल्मो म्हणाला. माझं पहिलं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. त्याने कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि उभा राहिला.

"मला वाचता येत नाही, कारण मला दिसत नाही. हे आधी सांगायला हवं होतं. माझ्या वडिलांचा शेवटपर्यंत अध्यक्ष म्हणून मान होता, मला वाटलं मीही तेवढं धरून ठेवीन. गोलकीपरला गोल सोडायला शिकवत नाहीत." मग तो अहवाल तोंडानेच बोलला. कुठला संघ कसा खेळला, कुठल्या मुलीने हंगामात धावायला सुरुवात केली, कुणाचं हसणं बदललं. शेवटी म्हणाला, "या वर्षीचा सर्वांत चांगला खेळ मी ऐकला. तो सिद्धी कारखानीसचा."

टाळ्या झाल्या. मला वाटलं, झालं, जिंकला.

मग तांबड्या केसांची ती उठली. म्हणाली, "त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जो माणूस डोळ्याला डोळा देत नाही, त्याच्या हाती मुली कशा सोपवायच्या असं अनेकांना वाटत होतं. आणि त्यांनी लपवलंच ना?" माना हलल्या. मागून कुणीतरी फोटोचंही काढलं, कोटाचंही. शब्दन् शब्द. माझी वाक्यं लोकांनी अशी वापरावीत याचा मला भयंकर संताप आला. मी उभी राहून म्हटलं की ते सगळं चुकीचं आहे, टोपीवाला शेजारी आहे, फोटो खरा आहे. लोक सहानुभूतीने माझ्याकडे बघत राहिले. इथे म्हाताऱ्या बायकांकडे बघतात तसं.

ग्लेनिसने मतदान घेतलं. इथे हात वर करून होतं. आधी आन्सेल्मोसाठी, मग जगदीशसाठी. खोलीत कुणी बोलत नव्हतं, नुसते कोटांच्या बाह्यांचे आवाज. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग माझ्याकडे झुकला आणि हळूच विचारलं, "चेंडू कुणाकडे आहे?"

मी खोटं बोलू शकले असते. निदान ग्लेनिसचं मोजून होईपर्यंत. सिद्धी समोरून माझ्याकडे बघत होती.

"जगदीशकडे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "स्पष्ट बोलता तुम्ही," म्हणाला. "चांगलं आहे." आणि सर्वांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला.

२ सप्टेंबर, शनिवार

हंगामाची शेवटची मॅच. जगदीश अध्यक्षांचा मफलर घालून फिरत होते, नवा, क्लबच्या रंगाचा. "काकू, कमिटीत याल ना?" मी म्हटलं, "नाही. शनिवारी सकाळी मला काम असतं."

सिद्धीचा आवाज परत आलाय. ती समोर ओरडत होती, मी मागे बोलत होते, आणि आमच्या दोघींच्या मध्ये आन्सेल्मो जाळी धरून उभा. एकदा आमची गल्लत झाली, ती म्हणाली लेफ्ट, मी म्हणाले राइट. तो म्हणाला, "सिद्धीचं बरोबर असणार. तुम्ही पंचाच्या बुटांचं सांगा." एका गोलने हरलो. सिद्धी रडली, मग संत्र्याच्या फोडी खाल्ल्या.

ग्लेनिस मुलीकडे ख्राइस्टचर्चला गेली आहे, म्हणून त्याला घरी सोडायला आम्ही सगळेच. दंड मी धरला. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. वारा जोरात होता, मी आज पुन्हा मुंबईचा कोट काढला होता. गाडीपाशी आल्यावर तो थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला,

"आज लाल. शोभतो तुम्हाला."

मी जागच्या जागी उभी राहिले. शंतनू शपथ घेऊन सांगतो त्याने काही सांगितलं नाही. सिद्धीही शपथ घेते. ग्लेनिस गावात नाही. सुखदाला विचारलं तर ती फक्त हसली आणि तिने पुन्हा गाडीची काच खाली केली.

कुणीतरी सांगितल्याशिवाय हे शक्य नाही. मी तपास सुरू केला आहे.